दोन मित्रांचा पत्रव्यवहार आणि तिसऱ्याचे घर

'क्रिप्स योजना भारतात का आली?' हा इतिहासाच्या पेपरातला हमखास प्रश्न. उत्तरातले मुद्देही ठरलेले. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला, इंग्रजांना काँग्रेसच्या सहकार्याची गरज भासली, आणि तिसरा मुद्दा म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ब्रिटनवर दबाव आणला. एक मुद्दा, एक गुण! नोकरीच्या काळात हा तिसरा मुद्दा मुलांच्या उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा वाचला, की मनात एक प्रश्न घर करून बसला. हा दबाव म्हणजे नेमके काय? रूझवेल्ट यांनी काय लिहिले, कोणत्या शब्दांत लिहिले, आणि चर्चिल यांनी त्यावर काय केले? निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून या दोघांचा पत्रव्यवहार जमेल तसा वाचून काढला. त्याविषयी आज थोडेसे लिहितो.

आधी हा पत्रव्यवहार केवढा होता ते सांगितले पाहिजे. दुसरे महायुद्ध सुरू झाले १ सप्टेंबर १९३९ रोजी. ११ सप्टेंबरला रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना पहिले पत्र पाठवले. चर्चिल तेव्हा पंतप्रधान नव्हते, आरमारमंत्री होते. एका देशाच्या अध्यक्षाने दुसऱ्या देशाच्या पंतप्रधानाला बाजूला ठेवून एका मंत्र्याला थेट लिहायचे, हे राजशिष्टाचाराला सोडूनच होते. पण रूझवेल्ट यांनीही पूर्वी आरमार खात्यात काम केलेले, त्यामुळे धागा जुळला. चर्चिल सही करताना स्वतःला 'आरमारवाला' म्हणवीत, आणि मे १९४० मध्ये पंतप्रधान झाल्यावर 'माजी आरमारवाला'! तेव्हापासून एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट यांचे निधन होईपर्यंत दोघांमध्ये सतराशेच्या वर पत्रे आणि सांकेतिक तारा गेल्या-आल्या. जहाजे, रणगाडे, रशिया, फ्रान्स, आफ्रिका, सगळे विषय त्यांत आहेत. १९८४ साली अमेरिकेत त्यांचे तीन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. आपल्या हिंदुस्थानचा विषय त्या ढिगाऱ्यात अगदी थोड्या पानांचा आहे. पण ती थोडी पाने फार शिकवून जातात.

सुरुवात होते ती अटलांटिक सनदेपासून. ऑगस्ट १९४१ मध्ये दोघे न्यूफाउंडलंडजवळ समुद्रात युद्धनौकांवर भेटले आणि १४ तारखेला त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्याच्या तिसऱ्या कलमाचा अर्थ असा, की आपल्यावर कोणते सरकार असावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाच्या लोकांना आहे. इकडे सगळ्यांना वाटले, चला, आपली पाळी आली. पण महिनाही झाला नाही तोच, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला की हे कलम मुख्यतः हिटलरच्या टाचेखालच्या युरोपीय देशांसाठी आहे, हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा. सही दोघांची होती, अर्थ मात्र एकाने एकट्याने ठरवला. दुसरा गप्प राहिला. का? याचे उत्तर पुढे येते.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि चर्चिल वॉशिंग्टनला पाहुणे म्हणून गेले. तिथे रूझवेल्ट यांनी बोलण्याच्या ओघात हिंदुस्थानचा विषय काढला. चर्चिल यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की आपण त्यावर इतके तावातावाने बोललो, की अध्यक्षांनी पुन्हा तो विषय आपल्यासमोर तोंडी काढला नाही. बघा हं, जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष, शस्त्रे उधारीवर तोच देणार, जहाजे तोच देणार, आणि भीड मात्र त्यालाच पडली!

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. आता रूझवेल्ट यांना राहवेना. तोंडी नाही, तर लेखी. १० मार्चला त्यांनी चर्चिल यांना एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपल्याच देशाच्या इतिहासाचा दाखला दिला. १७८३ पासून १७८९ पर्यंत अमेरिकेच्या तेरा राज्यांनी एक कामचलाऊ सरकार चालवले, चुका करीत शिकले, आणि मग कायमची घटना केली. तसेच हिंदुस्थानात एक तात्पुरते सरकार नेमावे, त्यात निरनिराळ्या जाती, धर्म, व्यवसाय, प्रांत आणि संस्थानिक यांचे प्रतिनिधी असावेत, आणि युद्धानंतर कायमची घटना व्हावी. सूचना बरीच बाळबोध होती, पण हेतू चांगला होता. पत्राच्या शेवटी मात्र ते लिहितात की देवाशपथ मला यात ओढू नका, खरे म्हणजे हा माझा विषयच नाही. सल्लाही द्यायचा आणि हातही झटकायचे, असे ते पत्र आहे.

आणि एक गंमत पाहा. क्रिप्स यांना पाठवण्याचे लंडनमध्ये त्याआधीच ठरले होते. ११ मार्चला चर्चिल यांनी पार्लमेंटात तशी घोषणाही केली. म्हणजे दबाव होता, तो वातावरणात होता. अमेरिकेत आपले कसे दिसेल याची चिंता होती. पण पत्र आले आणि योजना निघाली, इतके सरळ ते नाही.

या पत्रापुढे आमच्या नळदुर्गच्या माणसाला थोडे थांबावेसे वाटते. आमचा हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. दीड कोटीच्या वर प्रजा असलेले ते संस्थान. तिथल्या स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी. रूझवेल्ट यांच्या योजनेत इथल्या शेतकऱ्याची, विणकराची, मास्तराची जागा कुठे होती? संस्थानिकांच्या रकान्यात! क्रिप्स यांच्या मसुद्यातही संस्थानांचे प्रतिनिधी प्रजेने निवडायचे नव्हते, संस्थानिकांनी नेमायचे होते. काँग्रेसने मसुदा नाकारला त्याच्या कारणांत हेही एक कारण होते. ब्रिटिश सरकारने निजामाला 'विश्वासू दोस्त' असा किताबच दिलेला. म्हणजे आमच्या वतीने कोण बोलणार, तर इंग्रजांचा दोस्त. दूरच्या माणसाने कितीही सद्भावनेने नकाशावर बोट ठेवले, तरी त्याच्या बोटाखाली किती माणसे झाकली जातात हे त्याला दिसत नाही.

आता एप्रिल १९४२. ५ तारखेला जपान्यांनी कोलंबोवर बाँब टाकले, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर. दिल्लीत क्रिप्स यांची बोलणी चालू होती. ३ तारखेला रूझवेल्ट यांचे खास प्रतिनिधी कर्नल लुई जॉन्सन दिल्लीत आले होते. हा मनुष्य उत्साही. नेहरू, आझाद, क्रिप्स, सेनापती वेव्हेल यांच्याकडे त्यांच्या खेपा सुरू झाल्या. संरक्षण खाते हिंदी मंत्र्याकडे किती आणि सेनापतीकडे किती, या घोळातून वाट काढायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. इकडे लंडनमध्ये रूझवेल्ट यांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स पोचलेले होते. चर्चिल यांनी त्यांना विचारले, हे जॉन्सन अध्यक्षांच्या वतीने मध्यस्थी करताहेत काय? हॉपकिन्स यांनी सांगितले की जॉन्सन यांच्या कामाचा क्रिप्स यांच्या कामाशी संबंध नाही. झाले! दिल्लीत जो शब्द टाकला जात होता, त्याच्या मागची ताकद लंडनमध्ये एका वाक्यात काढून घेतली गेली. १० एप्रिलला काँग्रेसने नकार कळवला.

रूझवेल्ट यांनी ११ तारखेला शेवटचा प्रयत्न केला. क्रिप्स यांना थांबवून घ्या, आणखी एकदा बोला, अमेरिकेतले लोक म्हणतात की अडून बसले आहेत ते इंग्रजच, आणि उद्या हिंदुस्थान जपानच्या हाती गेला तर इथले लोकमत फार बिघडेल, अशा अर्थाची तार त्यांनी पाठवली. ती पोचली तेव्हा लंडनजवळच्या चेकर्स या सरकारी बंगल्यात पहाटेचे तीन वाजले होते. चर्चिल आणि हॉपकिन्स जागेच होते. तार वाचून चर्चिल यांनी ज्या शिव्या हासडल्या, त्याची हॉपकिन्स यांनी नोंद केली आहे. मग त्यांनी एका उत्तराचा मसुदा केला. त्यात या प्रश्नापायी आपण पंतप्रधानपद सोडून घरी बसायला तयार आहोत असे होते. तो मसुदा पाठवला नाही. पाठवले ते सौम्य उत्तर. क्रिप्स निघून गेले आहेत, आणि तुमच्या-माझ्यात गंभीर मतभेद झाला तर माझे काळीज फाटेल, या भयंकर लढाईच्या ऐन भरात दोन्ही देशांचे नुकसान होईल, असा त्याचा आशय.

काय उत्तर द्यावे याला? राजीनाम्याची गोष्ट हॉपकिन्स यांच्यामार्फत पोचायची ती पोचलीच. मैत्रीची शपथही घातली गेली. हिटलर समोर उभा, आणि सर्वांत जवळचा दोस्त म्हणतो, या एका विषयावर बोललास तर माझे मन मोडेल. रूझवेल्ट यांनी विषय सोडला. त्यानंतर इतक्या जोराने त्यांनी हिंदुस्थानविषयी चर्चिल यांना कधी लिहिले नाही. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. इथे भीड त्यांची होती आणि भीक आपल्या वाट्याला आली.

याच उन्हाळ्यात वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर गांधीजींजवळ राहून गेले. त्यांच्या हाती गांधीजींनी रूझवेल्ट यांना एक पत्र दिले, तारीख १ जुलै १९४२. पत्र छोटे आहे. आपल्यावर थोरो आणि इमर्सन यांच्या लिखाणाचे ऋण आहे असे ते सांगतात. इंग्रजांनी सत्ता सोडावी, पण जपानला रोखण्यासाठी दोस्तांचे सैन्य स्वतंत्र हिंदुस्थानशी करार करून इथे राहायला आपली हरकत नाही, असे सुचवतात. आणि मग शांतपणे बोट ठेवतात, की हिंदुस्थान आणि आफ्रिका लुटली जात असताना आणि खुद्द अमेरिकेत काळ्या माणसांचा प्रश्न तसाच असताना, स्वातंत्र्यासाठी लढतो ही तुमची घोषणा पोकळ वाटते. विनवणीचा एक शब्द नाही! बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला लिहावे तसे ते पत्र आहे.

रूझवेल्ट यांचे उत्तर १ ऑगस्टचे. सभ्य आणि गुळमुळीत. ते गांधीजींच्या हाती पडण्याआधीच ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ च्या पहाटे धरपकड. गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये, नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. त्याआधी जुलैअखेर चीनच्या चँग कै-शेक यांनीही रूझवेल्ट यांना मध्ये पडण्याची विनंती केली होती. रूझवेल्ट यांनी ती तशीच चर्चिल यांच्याकडे पाठवून दिली. चर्चिल यांचे उत्तर आले की काँग्रेस म्हणजे न लढणाऱ्या हिंदूंतल्या शिकलेल्या लोकांचा पक्ष, तिच्याने देशाचे रक्षणही होणार नाही आणि बंडही होणार नाही. याच चर्चिल यांनी मार्चमध्ये कळवले होते की फौजेचा मुख्य आधार मुसलमान शिपाई आहेत. प्रत्यक्षात फौजेत ते सुमारे एक तृतीयांश होते. हजारो मैलांवरच्या मित्राला आपल्याविषयी माहिती मिळायची ती अशी, प्रतिपक्षाच्या वकिलाकडून!

१९४३ च्या जानेवारीत रूझवेल्ट यांचे नवे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स दिल्लीत आले. मुरलेले मुत्सद्दी, आधी इटलीत राजदूत होते. १० फेब्रुवारी ते ३ मार्च गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास झाला. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई आदल्या वर्षी १५ ऑगस्टलाच गेलेले. आता गांधीजीही जातात की काय, अशी धास्ती सगळ्या देशाला. फिलिप्स यांनी त्यांना भेटायची परवानगी मागितली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती नाकारली. एप्रिलअखेर परत जाताना फिलिप्स यांनी पत्रकारांना सरळ सांगून टाकले की मी परवानगी मागितली होती, मिळाली नाही. अध्यक्षांच्या खास माणसाला पुण्याच्या एका बंगल्याचे फाटक उघडून घेता आले नाही, एवढे त्या दबावाचे वजन.

१४ मे १९४३ ला फिलिप्स यांनी रूझवेल्ट यांना स्पष्ट अहवाल दिला. हिंदी जनता या युद्धाला आपले मानत नाही, फौज पगारापुरती लढते, इंग्रजांनी स्वातंत्र्याची तारीख जाहीर केल्याशिवाय हे बदलणार नाही. रूझवेल्ट यांनी काय केले? चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनमध्येच होते, तर फिलिप्स यांनाच त्यांच्याकडे पाठवले. चर्चिल भडकले, रक्तपात होईल म्हणाले, आणि विषय मिटला. पुढे २५ जुलै १९४४ ला ड्रू पिअर्सन या पत्रकाराने तो अहवाल वर्तमानपत्रात फोडला, तेव्हा जगाला कळले. तोवर कस्तुरबाही २२ फेब्रुवारी १९४४ ला त्याच पॅलेसमध्ये गेल्या होत्या.

आणखी एक पत्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २९ एप्रिल १९४४. या वेळी मागणारे चर्चिल आहेत. बंगालच्या दुष्काळात निदान सात लाख माणसे मेली (पुढे सरकारी चौकशी समितीने आकडा पंधरा लाख दिला, नंतरचे अभ्यासक तीस लाखांपर्यंत जातात), यंदा गहू कमी, वादळांनी पीक गेले, त्यात मुंबईच्या स्फोटाने भर घातली, तरी ऑस्ट्रेलियाहून गहू आणायला जहाजे द्या. हा स्फोट म्हणजे १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर झालेला. त्यात हजारो टन धान्य जळाले. दोन वर्षे ज्या देशाविषयी बोलू नका म्हणत होते, त्याच देशासाठी चर्चिल यांनी मित्राकडे शब्द टाकला. १ जूनला रूझवेल्ट यांचे उत्तर आले. फार वाईट वाटते, पण लष्कराला जहाजांची गरज आहे, देता येत नाहीत. पाच दिवसांनी नॉर्मंडीवर सैन्य उतरले. त्यांच्या बाजूने पाहिले तर कारण खरेच होते. पण भुकेल्याच्या बाजूने पाहिले तर? दोघांच्याही पत्रांत आपण शेवटच्या ओळीत होतो.

या सगळ्याला एक उपसंहार आहे आणि तो आमच्या गावात घडला, म्हणून सांगतो. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही. निजामाने २९ नोव्हेंबरला भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार केला आणि वेळ काढायला सुरुवात केली. लंडनमध्ये विरोधी बाकावरून चर्चिल हैदराबादची बाजू मांडत होते. १९४८ मध्ये निजामाने अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना मध्यस्थी करण्यासाठी लिहिले. ट्रुमन यांनी नकार दिला. मग संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार गेली. सुरक्षा समिती ती ऐकायला बसली १६ सप्टेंबरला. त्याच्या तीन दिवस आधी, १३ सप्टेंबरच्या पहाटे, भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली होती. सातव्या ब्रिगेडने बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चावर चढाई केली, आणि सकाळी नऊ वाजता चिलखती गाड्या जळकोटात होत्या. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी त्या पहाटेच्या आवाजांविषयी सांगत. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि २२ ला राष्ट्रसंघातली तक्रार मागे घेतली. (त्यानंतरच्या दिवसांत आमच्या भागातल्या कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांनी जे सोसले, तो फार दुःखाचा विषय आहे. त्यावर स्वतंत्रपणेच लिहायला हवे.)

म्हणजे सहा वर्षांच्या अंतराने आपल्या भागातून व्हाइट हाऊसच्या पत्त्यावर दोन पत्रे गेली, एक सेवाग्रामच्या झोपडीतून, दुसरे हैदराबादच्या राजवाड्यातून. दोन्हींना उत्तर जवळजवळ सारखेच आले, सभ्य नकार. फरक पडला तो लिहिणाऱ्यांमध्ये. गांधीजींनी पत्र पाठवले आणि ते मुंबईच्या सभेच्या तयारीला लागले. उत्तर काय येईल यावर त्यांनी काहीच टांगून ठेवले नव्हते. त्यांच्यामागे माणसे होती. निजाम उत्तराची वाट पाहत राहिला, कारण प्रजा त्याच्यामागे नव्हती. पत्रे सोडून त्याच्यापाशी उरले होते काय?

रूझवेल्ट यांना मी दोष देत नाही. हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा असे त्यांना मनापासून वाटत होते, हे त्यांच्या पत्रांत जागोजागी दिसते. चर्चिल यांच्या तोंडावर एवढे तरी बोलणारा दुसरा कोण होता? पण मित्राला दुसऱ्या मित्रासाठी किती दुखवायचे, याची प्रत्येकाची एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्याच्या स्वतःच्या गरजेने ठरते. आजही मोठ्या देशांच्या प्रमुखांचे फोन झाले, अमक्याने तमक्याजवळ आपला विषय काढला, अशा बातम्या येतात आणि आपण सुखावतो. सुखावायला हरकत नाही. शब्द टाकणाऱ्याचे आभारही मानावेत. फक्त आपली पुढची तारीख त्याच्या उत्तरावर ठरवू नये.